रबराचे वय

मोटार म्हातारी होऊ लागली की सर्वांत आधी तिचे रबर म्हातारे होते. पत्रा गंजायला वर्षे लागतात, इंजिन बोअर करून पुन्हा उभे राहते, सीटवर नवे रेक्झिन चढवता येते. पण दाराची बीडिंग, काचेभोवतीची पट्टी, गिअरच्या दांड्याचे बूट, पेडलवरची टोपी अशा किरकोळ वाटणाऱ्या वस्तू गुपचूप कडक होत जातात. पावसाळ्यात पायाखाली पाणी साचले किंवा दार लावताना खाडकन आवाज आला, की मग मालकाला त्यांची आठवण होते.

कबनूरमध्ये माझ्या मामूंचे गॅरेज होते. गॅरेज म्हणजे पत्र्याची एक शेड, समोर कडुनिंब, आणि त्याच्या सावलीत उभ्या असलेल्या दोन-तीन फियाट नाहीतर ॲम्बॅसिडर. इचलकरंजी कुठे संपते आणि कबनूर कुठे सुरू होते, हे परक्या माणसाला कळत नाही. दोन्हीकडे यंत्रमाग सारखेच खडखडतात. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी आणला आणि त्या एका मागाने पुढे आजूबाजूच्या सगळ्या गावांचे पोट बांधून टाकले. मामूंचे गॅरेजही एका अर्थाने मागावरच चालायचे. गिऱ्हाईक मागवाले, हात पुसायला मागाच्या कारखान्यातले वेस्ट सूत, आणि काच बसवायला लागणारी दोरीसुद्धा सुताचीच.

शाळेच्या सुट्टीत मी तिथे बसत असे. काम शिकावे असा कुणाचा आग्रह नव्हता. पाने देणे, चहा आणणे आणि मामूंचे बोलणे ऐकणे एवढेच माझे काम. मामूंची शाळा चौथीत सुटली होती. पण वस्तूचा स्वभाव ओळखायची त्यांची रीत कुठल्याही शिक्षकाला शोभावी अशी होती. त्यांचे एक वाक्य मी शेकडो वेळा ऐकले असेल : "चमडेकू तेल, रबरकू साबन. उलटा किया तो दोनों गये."

हे वाक्य आमच्या मुलखात फार गरजेचे होते. इथल्या माणसाचा हात उपजतच तेलाकडे जातो. कोल्हापुरी चप्पल कडक झाली की तिला तेल पाजायचे, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक. जुन्या मागांवर धोट्याला टोला देणारा पिकर कातड्याचा असे. तो मागावर चढवण्याआधी तेलात मुरत ठेवायचे, म्हणजे जास्त दिवस टिकायचा. कातडे हे जनावराचे. त्याच्या धाग्यांत तेल मुरले की ते लवचीक राहते. तोच हिशेब माणसे रबराला लावत. दाराच्या बीडिंगला गोडेतेल चोळत, रॉकेलने पुसत, कुणी इंजिनातले काढलेले काळे तेल फासत. दोन दिवस रबर काळेभोर आणि मऊ दिसे. सहा महिन्यांनी ते फुगून, चिकट होऊन हाताला लागे.

रबर म्हणजे झाडाचा चीक. ते झाड मूळचे ॲमेझॉनच्या जंगलातले. १८७६ साली हेन्री विकहॅम या इंग्रजाने त्याच्या हजारो बिया लंडनच्या क्यू बागेत पोचवल्या. तिथे रुजलेली रोपे आशियात आली आणि पुढे केरळात रबराचे मळे उभे राहिले. आता तर घाट उतरून दोडामार्गला गेले, तरी केरळी शेतकऱ्यांनी लावलेली रबराची झाडे दिसतात. नुसता चीक मात्र उन्हात वितळतो आणि थंडीत तडकतो. चार्ल्स गुडइयर या अमेरिकन माणसाला १८३९ साली समजले की रबरात गंधक घालून तापवले तर ते दोन्ही ऋतूंना पुरते. रबराचे रेणू म्हणजे लांबच लांब धागे. गंधक त्यांना जागोजागी गाठी मारते. धागे ताणले जातात, पण गाठी त्यांना परत जागेवर आणतात. मागवाल्या गावातल्या माणसाला हे समजायला जड नाही. नुसते ताणे म्हणजे कापड नव्हे, आडवा बाणा लागतो.

मग ते म्हातारे कसे होते? हवेतला ऑक्सिजन वर्षानुवर्षे त्या धाग्यांशी झटत असतो. कुठे धागा तुटतो, कुठे नको तिथे जादा गाठ बसते. गाठी वाढल्या की रबर कडक होते. त्याला मऊ ठेवण्यासाठी कारखान्यात घातलेली तेले हळूहळू उडून जातात. ऊन आणि इंजिनाची धग या कामाला घाई करतात. त्यात हवेतला ओझोन ताणलेल्या रबराला नेमका गाठतो. म्हणून जुने रबर जिथे वाकलेले असते तिथेच आधी चिरते. मामूंना ओझोन हा शब्द माहीत नव्हता. पण बीडिंग बघायची झाली की ते सपाट भाग सोडून थेट कोपऱ्यात बोट घालत.

मामू रबराची सेवा कशी करत, ते सांगतो. आजही ती रीत चुकीची ठरलेली नाही. आधी कोमट पाण्यात धुण्याची पावडर किंचित टाकून मऊ ब्रशने रबर धुवायचे. वरची राखाडी पूड म्हणजे झिजलेले, जळलेले रबर आणि रस्त्याची धूळ. ती निघाली की निम्मे काम झाले. काच पुसायच्या निळ्या पाण्यानेही ती निघते. पेट्रोल, रॉकेल, थिनर यांना हात लावायचा नाही. मग रबर सावलीत वाळवायचे आणि औषधाच्या दुकानातले ग्लिसरीन फडक्यावर घेऊन पुसायचे. ग्लिसरीन दिसायला तेलासारखे, पण जातीने तेल नव्हे, म्हणून रबराला ते बाधत नाही. पुढची काच बसवायची असेल तर रबर उन्हात नाहीतर गरम पाण्यात ठेवून सैल करायचे. मग त्याच्या खाचेत सुताची दोरी गुंडाळायची, साबणाचे पाणी लावायचे, आणि एकाने बाहेरून काच दाबत असताना दुसऱ्याने आतून दोरी ओढायची. दोरीमागे रबराचा ओठ पत्र्यावर आपोआप उलटत जातो. हे दृश्य पाहायला गल्लीतली पोरे जमत.

पण मामूंचे नाव झाले होते ते फिनेलमुळे. लादी पुसायचे पांढरे फिनेल. त्यात पाइन ऑइल, म्हणजे चीडाच्या झाडापासून काढलेले तेल असते. आज गावोगावच्या बचत गटांतल्या बायका ज्या दाट अर्कात पाणी घालून फिनेल बनवतात, तसला अर्क मामू कोल्हापुरातून आणत. गिअरचे बूट, एअर फिल्टरचा पाइप, वायरी जिथून आत जातात तिथल्या रबरी कड्या असल्या लाकडासारख्या कडक झालेल्या वस्तू ते पाणी घातलेल्या अर्कात बुडवून ठेवत. दर दोन-तीन तासांनी काढून वाकवून बघत. संध्याकाळपर्यंत ती वस्तू मुठीत मुरडण्याइतकी नरम व्हायची. गिऱ्हाईक खूश. नवे रबर मिळायला मुंबईला माणूस पाठवावा लागे, त्या काळात ही करामतच होती.

ही करामत काय आहे आणि काय नाही, हे मामूंनी मला एका कागदावर दाखवले. बुडवण्याआधी त्यांनी एक रबरी कडी कागदावर ठेवून पेन्सिलीने भोवती गोल काढला. संध्याकाळी तीच नरम झालेली कडी त्या गोलावर ठेवली. ती रेघेबाहेर आली होती. "देखा? नरम नहीं हुआ, सूजा है," ते म्हणाले. पाइन ऑइल रबराच्या धाग्यांमध्ये शिरून त्यांना एकमेकांपासून दूर ढकलते, म्हणून रबर वाकते. पण तुटलेला धागा ते सांधत नाही आणि नको तिथे बसलेली गाठ सोडवत नाही. काही आठवड्यांनी तेल उडून गेले की रबर पुन्हा आखडू लागते, आणि मधल्या काळात त्याची ताकद पहिल्यापेक्षा कमीच झालेली असते. म्हणून मामूंचा नियम होता : ज्या रबरावर नुसती धूळ थोपवायची जबाबदारी आहे, त्याला फिनेल. ज्याच्यावर माणसाचा जीव आहे, त्याला नवे रबर. पहिल्या यादीत बूट, बीडिंग, कड्या. दुसऱ्या यादीत ब्रेकचे रबर, पेट्रोलचा पाइप, रेडिएटरचा पाइप, टायर.

ब्रेकचे रबर म्हणजे सिलिंडरात बसणारी छोटी वाटी. गॅरेजमध्ये तिला कप म्हणतात. पाय दाबला की ब्रेक ऑइलचा दाब या वाट्यांवर येतो आणि त्या चाकातले लायनर ढकलतात. ब्रेक ऑइल हे नावाचेच ऑइल. आज गाड्यांत सहसा वापरतात ते ग्लायकोल जातीचे, पेट्रोलियमशी त्याचे नाते नाही. फार पूर्वी तर एरंडेल आणि अल्कोहोल यांचे मिश्रण ब्रेकमध्ये घालत, कारण एरंडेल रबराला फारसे फुगवत नाही. नावाला फसून कुणी त्यात इंजिन ऑइल ओतले किंवा कप रॉकेलने धुतला, तर कप फुगतो. फुगलेला कप सिलिंडरात अडकून चाक धरून ठेवतो, नाहीतर त्याचा मऊ पडलेला ओठ दुमडून ऑइल निसटते. जुन्या गाड्यांत अनेकदा चारही चाकांना मिळून दाबाची एकच वाट असे. एक कप गेला की चारही चाके गेली.

१९८७-८८ च्या सुमाराची गोष्ट. एक मागवाले शेठ आपली फियाट घेऊन आले. दुसऱ्या दिवशी पहाटे घरच्यांना घेऊन गगनबावड्यावरून कोकणात लग्नाला जायचे होते. ब्रेक खाली जात होता. मामूंनी ड्रम खोलले, तर कप दगडासारखे झालेले आणि ओठांना चिरा. रविवार होता, कोल्हापुरातली स्पेअरची दुकाने बंद. शेठ म्हणाले, "मिस्त्री, मागच्या महिन्यात गिअरचं बूट फिनेलमध्ये घालून नवं करून दिलंत. हेही घाला की रात्रभर. परत आलो की नवीन टाकू."

"शेठ, ते बूट होतं. हा ब्रेक आहे."

"दोन दिवसांचा प्रश्न आहे."

"घाट अर्ध्या तासाचाच आहे शेठ."

बोलणे वाढले. शेठ म्हणाले, तुम्हाला जमत नसेल तर कप द्या, मी दुसरीकडून करून घेतो. त्यावर मामूंनी कात्री घेतली आणि ते कप एकेक करून मधोमध कापले. कापलेले तुकडे त्यांच्या हातावर ठेवले. शेठ बघत राहिले. मग जे बोलायचे ते बोलून पायीच निघून गेले. त्यांच्या घरची माणसे एसटीने लग्नाला गेली.

त्या रात्री आमच्या घरात यावरून वाद झाला. माझे वालिद मदरशात शिकलेले, शब्दाला पक्के. ते मामूंना म्हणाले, "भाईजान, गाडी आपल्या दारात आली की ती अमानत. दुसऱ्याची वस्तू त्याच्या मर्जीशिवाय कापायचा तुम्हाला हक्क नव्हता. 'मी करणार नाही' म्हणायचं आणि जशीच्या तशी परत द्यायची." मामूंनी बराच वेळ उत्तर दिले नाही. मग म्हणाले, "आप सही बोलते. रबर उनका था. लेकिन गाडीत बसणारी पोरं? ती कुणाची अमानत?"

दोघांनाही एकमेकांचे म्हणणे पटले होते, आणि दोघांपैकी कुणीही मागे हटले नाही. मला आजही त्यातला एक बरोबर आणि दुसरा चूक असे म्हणता येत नाही. पण पुढे मामूंनी जे केले त्यात दोघांचाही मान राहिला. सोमवारी पहिल्या गाडीने ते कोल्हापूरला गेले, स्वतःच्या पैशाने नवे किट आणले, गाडीला बसवले, ब्रेकमधली हवा काढली आणि शेठ लग्नाहून येण्याआधी गाडी त्यांच्या दारात नेऊन उभी केली. मजुरी घेतली नाही, किटचे पैसेही घेतले नाहीत. कापलेल्या मालाची भरपाई झाली. शेठ मात्र पुन्हा कधी त्या शेडकडे फिरकले नाहीत. त्यांच्यामागे त्यांच्या ओळखीची दोन-तीन गिऱ्हाइकेही गेली. मुमानी कितीतरी दिवस बोलून दाखवत. घरात खाणारी तोंडे होती, त्यांचेही खरेच होते.

मिस्त्रीच्या इमानदारीची अडचण हीच आहे. घाटात काही झाले असते की नसते, कुणालाच सांगता येणार नाही. झालेला अपघात सगळ्या गावाला दिसतो. टळलेला अपघात कुणाला दाखवता येत नाही. त्याची पावती फाडता येत नाही.

हदीसमध्ये धान्याच्या राशीचा एक प्रसंग आहे. बाजारात एका विक्रेत्याच्या राशीत पैगंबर साहेबांनी (स.) हात घातला, तर बोटांना ओल लागली. वरचे धान्य कोरडे, आतले भिजलेले. पावसाने भिजले असे तो म्हणाला, तेव्हा त्याला विचारले गेले की मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही. फसवणाऱ्याला आपल्यात न मोजण्याची जी ताकीद आहे, ती या प्रसंगातली. त्यात धान्य भिजल्याचा गुन्हा नाही. पाऊस कुणाच्या हातात नसतो. गुन्हा आहे तो ओल खाली दडवण्याचा. रबर म्हातारे होणे हासुद्धा पाऊसच आहे. ते वरून नरम करून आतले वय झाकणे, हे गिऱ्हाइकाच्या संमतीने केले तरी मागच्या सीटवर झोपलेल्या लेकरांची संमती कुणी घेतली?

आज फियाट-ॲम्बॅसिडरचे दिवस सरले. ॲम्बॅसिडरचे उत्पादन मे २०१४ मध्ये थांबले आणि मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. पण कुणाच्या दारात आजोबांची पद्मिनी आहे, कुणाकडे मारुती आठशे आहे. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि तपासणी होऊन पुढे पाच-पाच वर्षांनी वाढते, तेव्हा जुनी गाडी ठेवणे गुन्हा नाही. उलट सांभाळून वापरणाऱ्याचे मला कौतुकच आहे. अशांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, २०२५ पर्यंत आपल्या पेट्रोलात २० टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा गाठला गेला. पंचगंगेच्या काठच्या उसाचाही त्यात वाटा आहे. जुन्या गाडीतले पेट्रोलचे पाइप आणि पंपाचे रबर या मिश्रणासाठी बनलेले नव्हते. ते धुऊन-पुसून भागणार नाही, नव्या प्रतीचेच घालावे लागते. दुसरी, जुनी गाडी विकत घेताना चकाकणाऱ्या टायरला भुलू नये. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. त्यावर कितीही चमक मारली तरी ते आकडे बदलत नाहीत.

आणि घरात प्रयोग करणाऱ्यांसाठी एक इशारा. फिनेल असो की काच पुसायचे पाणी, एका वेळी एकच वस्तू वापरा, उघड्यावर, हातमोजे घालून. ब्लीचिंगमध्ये अमोनियाचे क्लीनर किंवा संडास धुण्याचे ॲसिड मिसळले तर विषारी वायू निघतो. रबर राहील बाजूला, छाती भरून येईल.

मामू शेवटची काही वर्षे घरातच होते. गुडघे आखडले होते. मुमानी रोज रात्री त्यांना बाम चोळत, आणि खोलीभर त्याचा उग्र-गोड वास पसरे. पुढे मी वाचले की त्या वासाचे मूळ असलेले विंटरग्रीनचे तेल, म्हणजे मिथिल सॅलिसिलेट, परदेशातले कारागीर जुने रबर नरम करायलाही वापरतात. मी हे त्यांना सांगितले तेव्हा ते मनापासून हसले. "म्हणजे मला आता फिनेलच लावतायत," म्हणाले. मग गुडघ्यावर हात ठेवून गंभीरपणे पुढे बोलले, "लावू दे. चालण्यापुरतं ठीक आहे. पर इसपर घाट नहीं उतरना."

पुसून काय निघते आणि काय निघत नाही, हे त्यांना गाडीबाबत जेवढे ठाऊक होते तेवढेच स्वतःबाबतही होते. धूळ पुसावी, चमक आणावी, जेवढे नरम होईल तेवढे करावे. पण वय लपवू नये आणि ज्याच्यावर जीव टांगला आहे तिथे चालढकल करू नये. आमच्या पिढीतल्या किती शिकलेल्यांना एवढे कळते, कोण जाणे. शेडमधल्या एका चौथी शिकलेल्या माणसाला ते कळत होते, आणि त्याची किंमत त्याने मोजली होती.